इच्छामरण आणि मनोव्याधी

२१ जून १९९४ रोजी हेग येथे नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. बाउडेवैन शाबो या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या एका रुग्ण स्त्रीला मरण पत्करण्यास साहाय्य केले होते. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले; परंतु त्यांना कोणतीही शिक्षा देऊ नये, असेही त्याच निकालपत्रात सांगितले. दोष आहे, पण दंड नाही, असा हा न्याय. न्यायालयाची ही मनःस्थिती समजून घ्यावयाची तर त्याच्यापुढे आलेला प्रश्न समजून घेतला पाहिजे. त्या स्त्रीला कर्करोग झालेला नव्हता, पक्षाघात झालेला नव्हता. तिचे शरीर धडधाकट होते. व्यथा होती ती मनाची.

शरीराच्या असाध्य दुखण्याने गांजलेला माणूस मरण मागतो, तेव्हा दुखणे कोणते आणि मागणारा कोण, हे निराळे दाखवता येते. व्याधी यकृतात असते, फुप्फुसात असते. तिच्याविषयी निर्णय करणारे मन तिच्यापासून अलग राहून बोलू शकते. परंतु व्याधी मनालाच जडली असेल तर काय करावयाचे? जगण्याची वासना नाहीशी करणे हेच ज्या रोगाचे एक प्रमुख लक्षण, त्या रोगाने पछाडलेल्या माणसाने मरण मागितले, तर ती मागणी त्या माणसाची म्हणावयाची की त्या रोगाची?

या एका प्रश्नाभोवती गेल्या शंभर वर्षांत जो वाद झाला, त्याच्या मुळाशी दोन भये आहेत. दयेच्या नावाखाली दुर्बळांचा जीव घेतला जाईल, हे एक भय. मनोरुग्ण असा शिक्का बसला, की त्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकूनच घेणार नाही, हे दुसरे. दोन्ही भये निराधार नाहीत. दोहोंनाही इतिहासाची साक्ष आहे.

भारतीय परंपरेला स्वेच्छेने मरण स्वीकारण्याची कल्पना अपरिचित नाही. उत्तरायणाची वाट पाहत शरशय्येवर पडून राहिलेले भीष्म आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असतात. जैनांची सल्लेखना आणि स्मृतिपुराणांतील प्रायोपवेशन हे त्याच कल्पनेचे आविष्कार होत. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनार येथे विनोबांनी अन्न आणि औषध वर्ज्य करून देह ठेवला, तेव्हा कोट्यवधी लोकांनी ते आदराने पाहिले. परंतु याच परंपरेत आत्मघाताचा कठोर निषेधही आहे. अतिमान, अतिक्रोध, स्नेह किंवा भय यांच्या आहारी जाऊन जीव देणाऱ्याला पराशरस्मृतीने अधोगती सांगितली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या दोन्ही बाजूंच्या वचनांचा परामर्श घेतला आहे. ती वचने एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. माणूस मरणाला सामोरा गेला की नाही, एवढेच शास्त्रकार विचारीत नाहीत. कोणत्या मनाने सामोरा गेला, असे विचारतात. शांत झालेल्या मनाचा निरोप वेगळा आणि क्षुब्ध झालेल्या मनाची उडी वेगळी. कसोटी सूक्ष्म आहे. मात्र ती दुसऱ्याच्या मनाला कोणी आणि कशी लावावयाची, हे त्यांनी सांगितले नाही.

युरोपने ही कसोटी वेगळ्या वाटेने गाठली. ख्रिस्ती धर्मसंस्थेने आत्महत्येला पाप ठरवले आणि इंग्लंडच्या कायद्याने गुन्हा ठरवले. जीव देणाऱ्याची जंगम मालमत्ता राजाकडे जमा होई आणि त्याला धर्मविधीने दफन मिळत नसे. मात्र मृताला वेड लागले होते, असा निर्णय पंचांनी दिला, तर घरच्या मंडळींवरचे हे संकट टळे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पंच असा निर्णय अधिकाधिक देऊ लागले, आणि अठराव्या शतकात तर तो जवळजवळ नियमच होऊन बसला. विधवेच्या आणि पोरांच्या तोंडचा घास काढून घेण्यापेक्षा मेलेल्याला वेडा म्हणणे पंचांना अधिक माणुसकीचे वाटले. त्यांचे करणे दयेचेच होते. परंतु त्या दयेची एक किंमत होती. जीव देणारा माणूस दोषमुक्त झाला खरा, पण त्याबरोबर त्याची इच्छाही त्याची राहिली नाही. ती वेडाची ठरली. जप्तीचा कायदा १८७० मध्ये रद्द झाला. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा इंग्लंडने १९६१ मध्ये पुसून टाकला. मात्र दुसऱ्याला त्या कामी साहाय्य करणे हा गुन्हा त्याच कायद्याने कायम ठेवला.

पहिल्या भयाचा उगम जर्मनीत आहे. १९२० मध्ये लाइपझिग येथे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. कार्ल बिंडिंग हे नामांकित कायदेपंडित आणि आल्फ्रेड होखे हे मनोविकारतज्ज्ञ असे त्याचे दोन लेखक. जे जीवन जगण्याच्या योग्यतेचे नाही, ते संपवण्याची मुभा कायद्याने असावी, हे त्यांचे प्रतिपादन. होखे यांनी काही मनोरुग्णांना मनाने मृत असे म्हटले आणि त्यांच्या पालनपोषणावर राष्ट्राचा किती पैसा खर्ची पडतो, याचा हिशेबही मांडला. या पुस्तकानंतर एकोणीस वर्षांनी, १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये, हिटलरने एका कागदावर सही केली आणि त्यावर तारीख मात्र महायुद्धाच्या पहिल्या दिवसाची, १ सप्टेंबरची घातली. असाध्य रुग्णांना दयामृत्यू देण्याचा अधिकार काही डॉक्टरांना देणारा तो आदेश होता.

बर्लिनमधील टिअरगार्टन रस्त्यावरील चार क्रमांकाच्या घरातून पुढचा कारभार चालला. वेड्यांच्या इस्पितळांकडून छापील तक्ते भरून मागवण्यात आले. तज्ज्ञ म्हणवणारे डॉक्टर ते तक्ते वाचीत आणि रुग्णाला न पाहताच कागदावर खूण करीत. त्या खुणेवर माणसाचे जगणे-मरणे ठरे. १९४० च्या जानेवारीपासून १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सहा केंद्रांत सत्तर हजारांहून अधिक माणसांचे प्राण घेण्यात आले. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्यून्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनातून याचा उघड निषेध केला. त्याच महिन्यात अधिकृत मोहीम थांबली. पण इस्पितळांच्या भिंतीआड हत्या पुढेही चालूच राहिल्या. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे डॉक्टरांवर जो खटला चालला, त्यात या मोहिमेचा एक प्रमुख कार्ल ब्रांट याला देहदंड झाला.

या रुग्णांपैकी कोणी मरण मागितले नव्हते. तेव्हा या हत्याकांडाला इच्छामरण म्हणणे हा शब्दाचा विटाळ होय. तथापि दया हा शब्द त्या आदेशात होता आणि सही-शिक्के डॉक्टरांचे होते, हे विसरता येत नाही. मनोविकारशास्त्र आणि मृत्यू यांचा एकत्र उच्चार झाला, की युरोपातील वृद्ध पिढी का दचकत असे, याचे कारण येथे सापडते.

नेदरलँड्समधील डॉक्टर या बाबतीत निष्कलंक होते. जर्मनांनी देश व्यापल्यावर १९४१ मध्ये डॉक्टरांसाठी नाझी धर्तीची सक्तीची संघटना काढली, तेव्हा हजारो डच डॉक्टरांनी तिला जुमानले नाही. कित्येकांना त्यासाठी छळछावण्यांत जावे लागले. ज्या देशातील डॉक्टरांनी हे धैर्य दाखवले, त्याच देशात एका पिढीनंतर मरणास साहाय्य करण्याचा प्रश्न सर्वांत मोकळेपणाने चर्चिला गेला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पण तेथे हा प्रश्न सरकारने किंवा कोणा पंडिताने काढला नाही. तो रुग्णाच्या खाटेपाशी निघाला.

१८८६ मध्ये अमलात आलेल्या डच दंडसंहितेनुसार एखाद्याच्या विनंतीवरून त्याचा प्राण घेणे हा बारा वर्षांच्या कैदेचा गुन्हा होता आणि आत्महत्येस साहाय्य करणे हा तीन वर्षांच्या कैदेचा. १९७३ मध्ये लेवार्डन येथील न्यायालयापुढे गेर्त्रुइदा पोस्टमा या डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. मेंदूतील रक्तस्रावाने विकलांग झालेल्या आपल्या आईने वारंवार केलेली विनंती त्यांनी अखेर मानली होती. न्यायालयाने त्यांना एका आठवड्याची शिक्षा सुनावली आणि तीही स्थगित ठेवली. पुढे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पंचाण्णव वर्षांच्या वृद्धेच्या प्रकरणात मोठे तत्त्व मान्य केले. दंडसंहितेत आणीबाणीचा म्हणून एक बचाव होता. आग लागलेल्या घरातील मुलाला वाचवण्यासाठी कोणी दार फोडले, तर त्यावर नुकसानीचा गुन्हा लादता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. जीव राखणे हे डॉक्टरचे एक कर्तव्य आणि असह्य यातना दूर करणे हे दुसरे. दोन्ही कर्तव्ये एकमेकांच्या आड आली असता डॉक्टरने विवेकाने एकाची निवड केली, तर त्याला हा बचाव मिळू शकेल, असे न्यायालयाने म्हटले. मात्र आतापर्यंतची गाजलेली प्रकरणे देहाच्या दुखण्याची होती.

मनाच्या दुखण्याचे प्रकरण शाबो यांच्या रूपाने पुढे आले. १९९१ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे पन्नास वर्षांची एक स्त्री आली. तिला दोन मुलगे होते. थोरल्याने १९८६ मध्ये आपले जीवन संपवले होते. धाकटा त्याच १९९१ च्या मे महिन्यात कर्करोगाने गेला. दोन्ही मुलगे ऐन विशीत गेले. संसार मोडलेला होता. मुलांवाचून जगण्यात आपल्याला अर्थ उरलेला नाही, असे ती शांतपणे आणि ठामपणे सांगत होती. एकदा तिने मरणाचा प्रयत्नही केला होता. शाबो यांनी ऑगस्ट आणि सप्टेंबर या महिन्यांत तिच्याशी वीस तासांहून अधिक काळ संभाषण केले. तिला भ्रम होत नव्हते, तिची विचारशक्ती ढळलेली नव्हती. दीर्घ आणि गुंतागुंतीचा शोक असे तिच्या अवस्थेचे निदान त्यांनी केले. शोकावरील उपचार त्यांनी सुचवले. तिने ते नाकारले. मुलांशी असलेला आपला बंध सैल करणारे कोणतेही उपचार तिला नको होते.

शाबो यांनी प्रकरणाची टिपणे काढून सात जाणत्या व्यक्तींचा सल्ला घेतला. त्यांत मनोविकारतज्ज्ञ होते, मानसशास्त्रज्ञ होते, नीतिशास्त्राचे प्राध्यापकही होते. बहुतेकांनी शाबो यांच्या मताला दुजोरा दिला. परंतु त्यांपैकी कोणीही त्या स्त्रीला स्वतः पाहिले नाही, तिच्याशी तिच्या दुःखाविषयी दोन शब्द बोलणे झाले नाही. २८ सप्टेंबर १९९१ रोजी शाबो यांच्या साहाय्याने तिने आपल्या घरी देह ठेवला. शाबो यांनी त्याच दिवशी ही गोष्ट अधिकाऱ्यांना कळवली. काही लपवले नाही.

आसन येथील न्यायालयाने आणि लेवार्डनच्या अपील न्यायालयाने १९९३ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. सरकारी पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तेथे या लेखाच्या आरंभी सांगितलेला निकाल झाला. त्या निकालात तीन मुद्दे आहेत. पहिला असा, की यातना देहाची असो वा मनाची, ती यातनाच होय. तिचे मूळ कोठे आहे यावरून तिचा असह्यपणा ठरत नाही. दुसरा असा, की मनाचा आजार आहे एवढ्यावरून माणसाची इच्छा स्वतंत्र असूच शकत नाही, असे म्हणता येणार नाही. आणि तिसरा, पहिल्या दोहोंना वेसण घालणारा. मनाच्या आजारात इच्छेची आणि आशेची पारख करणे अतिशय अवघड असल्यामुळे न्यायाधीशाने असामान्य सावधगिरी बाळगली पाहिजे. खरोखरीचा उपाय समोर असताना रुग्णाने तो आपखुशीने नाकारला, तर त्याची यातना निरुपाय झाली असे सहसा म्हणता येणार नाही. शिवाय त्रयस्थ तज्ज्ञाने रुग्णाला प्रत्यक्ष भेटून, तपासून आपले मत दिले पाहिजे. शाबो यांच्या प्रकरणात हे शेवटचे पाऊल पडले नव्हते. म्हणून ते दोषी ठरले. पुढच्या वर्षी वैद्यकीय शिस्तपालन न्यायाधिकरणानेही त्यांना समज दिली.

बर्लिनच्या त्या घरात डॉक्टर कागद पाहून खूण करीत होते. हेगच्या न्यायालयाने सांगितले, की कागद पुरेसा नाही, माणूस पाहा. न्यायाधीशांच्या मनात ते जुने स्मरण होते, असा दावा करण्याचे कारण नाही. पण माणसाला न पाहता त्याच्या मरणाविषयी मत देऊ नये, हा धडा त्या अर्धशतकाने युरोपला पुरेपूर शिकवला होता, यात शंका नाही.

डच संसदेने २००१ मध्ये या विषयावर स्वतंत्र कायदा केला आणि तो १ एप्रिल २००२ पासून अमलात आला. त्यात देहाचे दुखणे आणि मनाचे दुखणे असा भेद नाही. विनंती स्वेच्छेची आणि विचारपूर्वक केलेली असावी, यातना असह्य असावी, सुधारणेची आशा नसावी, अन्य वाजवी उपाय उरलेला नसावा आणि दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने रुग्णाला पाहिलेले असावे, अशा त्याच्या अटी आहेत. रुग्ण मनोविकाराचा असेल, तर आणखी एका स्वतंत्र मनोविकारतज्ज्ञाचे मत घ्यावे, अशी तेथील प्रथा पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने एका वृद्ध माजी सिनेटरच्या प्रकरणात आणखी एक सीमा आखली. केवळ जगण्याचा कंटाळा आला, हे कारण पुरेसे नाही. यातनेच्या मुळाशी वैद्यकाला ओळखता येईल असा आजार असला पाहिजे.

आरंभी मनोरुग्णांची अशी प्रकरणे अगदीच विरळा होती. २०१० मध्ये दोन नोंदली गेली. २०२३ मध्ये इच्छामरणाच्या एकूण ९,०६८ नोंदींपैकी १३८ मनोविकारांच्या होत्या आणि २०२४ मध्ये ९,९५८ पैकी २१९. शेकड्याच्या हिशेबाने हे प्रमाण दोनच्या आसपास आहे. परंतु वाढीचा वेग पाहून ज्यांनी कायद्याला पाठिंबा दिला होता त्यांतील काही जणही विचारात पडले आहेत. अमेरिकेतील स्कॉट किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१४ या काळातील अशा ६६ डच प्रकरणांचे अहवाल तपासून २०१६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे सत्तर टक्के रुग्ण स्त्रिया होत्या. निम्म्याहून अधिक अहवालांत एकाकीपणाचा उल्लेख होता. जवळजवळ एक चतुर्थांश प्रकरणांत सल्ला देणाऱ्या डॉक्टरांमध्येच मतभेद होते. एकाकीपणा हा रोग नव्हे आणि त्यावरचे औषध दवाखान्यात मिळत नाही. मग जी यातना समाजाने निर्माण केली, तिला वैद्यकाने निरुपाय म्हणावे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. दुसऱ्या बाजूचे उत्तरही तितकेच गंभीर आहे. वीस-वीस वर्षे सर्व उपचार करून थकलेल्या रुग्णाला, तुझे दुःख डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते खरे नाही, असे सांगणे हा कोणता न्याय?

अन्य देशांनीही हाच पेच आपापल्या परीने सोडवू पाहिला. स्वित्झर्लंडमध्ये स्वार्थी हेतूने केलेले साहाय्य तेवढे दंडनीय आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे म्हटले, की बऱ्या होऊ शकणाऱ्या मनोव्याधीतून उद्भवलेली मरणेच्छा वेगळी आणि विचारान्ती केलेला, टिकून राहिलेला, स्वतःचा निर्णय वेगळा. हा भेद तज्ज्ञाच्या सखोल अहवालावाचून करता येणार नाही. बेल्जियमने २००२ मध्ये कायदा केला. तेथे एका मनोरुग्ण स्त्रीच्या २०१० मधील मृत्यूबद्दल तीन डॉक्टरांवर गेंट येथे खटला चालला आणि २०२० मध्ये ज्यूरीने तिघांनाही सोडून दिले. कॅनडाने २०२१ मध्ये केवळ मनोव्याधी असलेल्यांनाही ही वाट मोकळी करण्याचे तत्त्वतः ठरवले. मात्र ती उघडण्याचा दिवस आधी २०२४ पर्यंत आणि मग २०२४ मध्ये नवा कायदा करून १७ मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकलला. आरोग्यव्यवस्थेची तयारी अपुरी आहे, हे कारण देण्यात आले.

भारतात हा प्रश्न उलट्या टोकाकडून आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षाच्या कैदेचा गुन्हा ठरवला होता. इंग्लंडने तो १९६१ मध्ये टाकून दिला, तरी आपल्याकडे तो राहिला. १९८५ मध्ये मुंबई पोलीस दलातील एका शिपायावर या कलमाखाली खटला भरण्यात आला. रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार लागल्यापासून त्याला मनोविकार जडला होता. पत्नीला भाजीच्या गाळ्याचा परवाना मिळावा म्हणून तो महानगरपालिकेत गेला. आयुक्तांची भेट मिळेना. तेव्हा तेथेच त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. लोकांनी त्याला वाचवले आणि कायद्याने त्याला आरोपी केले. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे पाटील यांनी १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. मनाच्या व्याधीने जीव देऊ पाहणाऱ्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे, तुरुंगाच्या कोठडीची नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. मात्र दुसऱ्याने प्राण घेणे ही गोष्ट वेगळी आहे, हेही त्याच निकालात बजावलेले होते.

१९९४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे हेगच्या निकालाच्या दोन महिने आधी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हेच मत उचलून धरले. परंतु दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय न्यायमूर्ती वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील त्या पीठाने दिला. ते प्रकरण सुनेला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल शिक्षा झालेल्या सासूसासऱ्यांचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मरणास साहाय्य हा शब्दप्रयोग हेगमध्ये डॉक्टरची आठवण करून देतो. आपल्या देशात तो पुष्कळदा छळ झालेल्या सुनेची आठवण करून देतो. कायदा ज्या समाजासाठी करावयाचा, त्या समाजातील दुबळे कोण आहेत, हे पाहिल्यावाचून तो करता येत नाही.

पुढे २०११ आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्यास कडक अटींवर मुभा दिली. परंतु ती देहाच्या अंतकाळाची गोष्ट झाली. मनोरुग्णांच्या बाबतीत खरा बदल २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे, विरुद्ध पुरावा नसेल तर, गृहीत धरावे; त्याला शिक्षा करू नये; त्याची काळजी घेणे, त्याच्यावर उपचार करणे आणि त्याचे पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्या कायद्याचे ११५ वे कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि जुने ३०९ वे कलम गेले. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. आत्महत्येस साहाय्य किंवा चिथावणी देणे हा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा पूर्वीप्रमाणेच आहे.

ताणाचे हे गृहीतक इंग्लंडमधील त्या जुन्या पंचांच्या दयेची आठवण करून देते. त्यांनीही माणसाला दोषातून सोडवले, पण त्याच्या इच्छेला रोगाच्या खात्यात टाकले. आपल्या कायद्याने मात्र त्यापुढे एक पाऊल टाकले आहे. मनोरुग्णालाही आपल्या उपचारांविषयी निर्णय घेण्याची पात्रता असू शकते, असे तोच कायदा मानतो आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार त्याला देतो. मरणाच्या बाबतीत सावध राहावे आणि जगण्याच्या बाबतीत रुग्णाचे म्हणणे ऐकावे, असा हा मध्यममार्ग आहे.

आज भारताने नेदरलँड्सच्या वाटेने जावे काय, या प्रश्नाचे उत्तर येथील परिस्थितीच देते. निरुपाय हा शब्द उपाय करून झाल्यावरच उच्चारता येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की निरनिराळ्या मनोविकारांच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. ज्याच्यापर्यंत डॉक्टर पोचला नाही, औषध पोचले नाही, त्याच्या आजाराला असाध्य म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मनाने खचलेल्या माणसाला आपल्या भाषेत बोलता येते. कायद्याने सांगितलेल्या कर्तव्याचा तो केवळ आरंभ होय.

पराशराने ज्या चार कारणांना दोष दिला, त्यांत स्नेहही आहे. त्या डच मातेचा घात स्नेहानेच केला. तिची इच्छा तिची होती की तिच्या शोकाची, हे आज कोणी निश्चित सांगू शकणार नाही. न्यायालयानेही ते सांगितले नाही. त्याने एवढेच म्हटले, की आणखी एका माणसाने तिच्यापुढे बसून तिचे ऐकावयास हवे होते.